जुन्या गाडीचा गंज : नागपुरात तो कुठे शोधावा, कसा काढावा आणि कसा थोपवावा

नागपुरात समुद्र नाही, खारे वारे नाहीत, आणि एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचा कपडा तासाभरात कडक होतो. तेव्हा आपल्या गाडीला गंज लागण्याचे कारणच काय, असा समज येथे सर्रास आढळतो. हा समज निम्मा खरा आहे. किनारपट्टीवरच्या गाडीचा पत्रा जसा बाहेरून, सर्व अंगांनी खाल्ला जातो, तसे येथे क्वचित दिसते. येथील गाडी आतून सडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दाराच्या पोकळीत, फ्लोअरवरच्या चटईखाली किंवा मडगार्डच्या घडीत शिरलेले पाणी तेथेच अडकून राहते, आणि बाहेरचा रंग चकचकीत असताना आतला पत्रा कागदासारखा पातळ होत जातो. म्हणून या लेखात प्राइमर आणि रंगाच्या आधी पाण्याचा विचार केला आहे. पाण्याची वाट न शोधता केलेली रंगरंगोटी दोन पावसाळेही धड काढत नाही, हे मी माझ्या जुन्या मारुती ८०० वर पैसे घालवून शिकलो आहे.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात, आणि त्या पाण्यात क्षार मिसळलेले असले की ही क्रिया फार वेगाने होते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. रंगाखाली फुगे येतात ते यामुळेच, आणि दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज स्पॉट वेल्डिंगचे टाके उचकटून काढतो तेही यामुळेच. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर खालच्या धातूला झाकून टाकतो, पण लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, तो ओलावा धरून ठेवतो आणि खाली खाली उतरत जातो. त्यामुळे वरून रंग मारून गंज थांबत नाही. तो फक्त दिसेनासा होतो.

क्षारांसाठी समुद्रच लागतो असेही नाही. मार्चपासून जूनपर्यंत घरोघरच्या खिडक्यांना लागणारे कूलर ही कसर भरून काढतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार, पाणी उडून गेल्यामुळे, कूलरच्या टाकीत दिवसेंदिवस दाट होत जातात आणि तेच पाणी खाली उभ्या केलेल्या स्कूटरच्या फुटबोर्डवर किंवा कारच्या टपावर ठिबकत राहते. पांढरे डाग पुसून टाकले की काम झाले असे आपल्याला वाटते, परंतु बीडिंगच्या, म्हणजे कडेला बसवलेल्या पट्टीच्या, खाली गेलेले पाणी पुसले जात नाही. गंमत अशी की, होळी झाली की कूलरच्या पत्र्याच्या टाकीला आतून काळा पेंट लावण्याचा नेम ज्या घरात कधी चुकत नाही, त्याच घरातल्या गाडीच्या तळाकडे पंधरा वर्षांत कुणी वाकून पाहिलेले नसते.

याशिवाय काळी माती आहे. चाकांनी उडवलेला काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आतल्या कडेवर जाऊन बसतो आणि वरून वाळलेला दिसला तरी आतून बरेच दिवस ओला राहतो. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात राहणाऱ्यांच्या गाड्यांवर राखेचा बारीक थर साचतो. दवाने भिजलेला तो थरही ओलावा सोडत नाही, आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास रंगावर ओरखडे उठतात. कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावणाऱ्यांची अडचण वेगळी असते, तिच्याकडे पुढे येऊ.

तपासणी : खंडेनवमीला गाडी धुतो, तेव्हाच

खंडेनवमीला आपल्याकडे प्रत्येक गाडी धुतली जाते, आणि पावसाळाही तोवर ओसरत आलेला असतो. त्यामुळे तपासणीसाठी यापेक्षा चांगला दिवस नाही. लागणारे साहित्य घरातच असते : एक टॉर्च, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक, लाकडी मुठीचा पेचकस आणि खराट्याची एक काडी. पेचकसाच्या मुठीने पत्र्यावर हलकेच ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणीत आवाज देतो, तर सडलेला किंवा लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुटी, भरलेला भाग बद्द वाजतो. चुंबक ज्या जागी सुटून पडते तेथे पत्र्याऐवजी लांबीचा जाड थर आहे असे समजावे. माझ्या गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीवर चुंबक धरले, तेव्हा ते धरलेच नाही. खरवडल्यावर लांबीखाली चक्क वर्तमानपत्राचा बोळा निघाला, त्यावरच्या बातम्याही वाचता येत होत्या. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी त्याच जागेसाठी पत्रा बदलल्याचे पैसे मोजले होते.

मारुती ८०० किंवा तिच्या काळच्या छोट्या गाड्यांमध्ये पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या दोन्ही बाजूंच्या पायांखालचा फ्लोअर, दारांच्या खालच्या कडा, दाराखालची पोकळ पेटी म्हणजे सिल, मागच्या चाकांच्या कमानी, डिक्कीत स्टेपनी बसते ती खोलगट जागा, बॅटरीचा ट्रे आणि जॅक लावण्याची ठिकाणे, एवढ्या जागा तपासल्या की बहुतेक सर्व निदान होते. चटई आणि तिच्याखालचा नमदा पूर्ण उचलून पाहावा, कोपरा वर करून डोकावल्याने काही कळत नाही. पत्र्याच्या अंगाच्या जुन्या चेतकमध्ये फुटबोर्डवरच्या रबरी पट्ट्यांच्या खाली, ब्रेकचे पेडल ज्या छिद्रातून येते त्याच्या आसपास आणि बाजूच्या डिक्क्यांच्या आतून पाहावे. या स्कूटरचे अंग हीच तिची चौकट असल्यामुळे फुटबोर्डखालचा सडका पत्रा ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा पाण्यातून निघालेली गाडी बाहेरून स्वच्छ करणे सोपे असते. मात्र सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर त्याच्या तळच्या भागावर गाळाची रेघ दिसते, आणि सीटच्या सरकत्या पट्ट्यांखालचे बोल्ट गंजलेले आढळतात. अशी गाडी घ्यायचीच असेल, तर सिल आणि दारांच्या पोकळ्या गोड्या पाण्याने आतून धुऊन निघाल्या आहेत की नाहीत, हे स्वतः पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

पाणी कुठून येते

इतवारीतल्या एका वयोवृद्ध डेंटरने माझ्या गाडीचा फ्लोअर पाहून पत्रा कापण्यास साफ नकार दिला होता. "भाऊ, पत्रा मी लावून देतो, पण पाणी कुठून येऊन राहिलं ते आधी पाहा," असे सांगून त्यांनी मला घरी पाठवले. त्यांनी सांगितलेली रीत अशी. फ्लोअर कोरडा करून त्यावर वर्तमानपत्र अंथरावे. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून मगाने पाणी ओतावे, तेही खालून वर या क्रमाने : आधी दाराची खालची कड, मग काचेची खालची पट्टी, मग समोरच्या काचेचे रबर आणि सर्वांत शेवटी टप. एकदम पाइप सोडला तर सगळीकडूनच पाणी येते आणि काहीच कळत नाही. प्रत्येक जागेला दहा मिनिटे द्यावीत. वर्तमानपत्रावर पहिला ओला ठिपका उमटला की त्याच्या वरच्या रेषेत वाट शोधावी, मात्र पाणी पत्र्याच्या आतल्या घडीवरून हातभर वाहत येऊन मग ठिबकते, हे लक्षात ठेवावे.

माझ्या गाडीत दोन वाटा सापडल्या. समोरच्या काचेचे रबर उन्हाने कडक होऊन कोपऱ्यात तडकले होते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीत हे ठरलेलेच आहे. दुसरी वाट वायपरखालच्या जाळीतली होती. कडुनिंबाची वाळलेली पाने आणि काड्या त्या जाळीतून आत जाऊन पाणी निघण्याचे भोक बुजवून बसल्या होत्या, त्यामुळे पावसाचे पाणी तेथे तुंबत होते आणि पातळी वाढली की आत उतरत होते. रबर बदलून घेतले, जाळी काढून ओंजळभर कुजलेली पाने काढली, आणि पुढच्या सरीत फ्लोअर कोरडा राहिला. त्यानंतरच त्या डेंटरने पत्रा कापला.

दारांच्या खालच्या कडेलाही अशीच भोके असतात. काचेवरून ओघळलेले पाणी दारात जाणे हे गाडीच्या रचनेतच धरलेले असते. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावे एवढीच अपेक्षा असते. ही भोके मातीने, किंवा पूर्वीच्या पेंटरने मारलेल्या रंगाने, बुजलेली असतात. खराट्याची काडी त्यासाठी लागते. लोखंडी तार घालू नये, कारण ती आतला रंग खरवडते.

गंज काढणे

गंजाच्या तीन पायऱ्या मानाव्यात आणि प्रत्येकीला वेगळा उपचार करावा. पहिल्या पायरीवर पत्र्यावर तांबूस थर असतो, पण पत्रा गुळगुळीत आणि भक्कम असतो. दुसऱ्या पायरीवर रंगाखाली फुगे येतात आणि खरवडल्यावर पत्र्यात देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. तिसऱ्या पायरीवर पेचकसाचे टोक दाबले की आरपार जाते. पहिल्या दोन पायऱ्यांचे काम घरी करता येते. तिसरीसाठी वेल्डिंगच लागते, आणि तेथे फायबर किंवा लांबी भरून वेळ मारून नेणे धोक्याचे आहे, कारण अशा छोट्या कारांमध्ये वेगळी चेसिस नसते. फ्लोअर आणि सिल यांच्यावरच सीट, सीटबेल्ट आणि सस्पेन्शनचा भार असतो.

ऋतूची निवड महत्त्वाची आहे. पावसाळ्यात हे काम करू नये, कारण उघडा केलेला पत्रा रात्रभरात पुन्हा तांबूस होतो. एप्रिल-मेमध्ये पत्रा कोरडा असतो खरा, पण तो इतका तापतो की रंग वरून लगेच सुकतो, आत थिनर कोंडले जाते आणि नंतर बारीक फोड येतात. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम, फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे दव पत्र्यावरून पूर्ण उडून जाईपर्यंत, म्हणजे दहा-अकरा वाजेपर्यंत, ब्रश हाती घेऊ नये आणि दुपारी चारनंतर नवा हात देऊ नये. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियसने अधिक असावे आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी.

सर्वप्रथम बॅटरीची वायर काढावी. गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये. लोखंडी स्टँड लावावेत, विटा कधीही लावू नयेत, कारण वीट इशारा न देता फुटते. अंगणात काळी माती असेल तर जॅकखाली जाड फळी घालावी, नाहीतर जॅक एका बाजूला रुततो. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क आवश्यक आहे. पेट्रोलची टाकी आणि तिच्या पाइपांजवळ ग्राइंडर चालवू नये, तेथे हातानेच घासावे.

आता एका फुग्यापासून सुरुवात करू. दाराच्या खालच्या कडेला आठ आण्याच्या नाण्याएवढा फुगा दिसतो असे समजा. पातळ पटाशीने त्याचे टरफल काढले की खाली गंज रुपयाएवढा, कधी तळहाताएवढा पसरलेला निघतो. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन गंज संपेपर्यंत तर घासावेच, शिवाय चांगल्या दिसणाऱ्या रंगाचीही सभोवारची दोन बोटे रुंदी उघडी करावी, कारण गंजाची मुळे रंगाखाली पुढे गेलेली असतात. पत्रा सर्वत्र चांदीसारखा चमकू लागला आणि फक्त खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहिले, की घासणे थांबवावे. ते ठिपके घासून काढण्याच्या हट्टात पत्रा पातळ होतो. त्यांच्यासाठी गंज रूपांतरक, म्हणजे बाजारात रस्ट कन्व्हर्टर या नावाने मिळणारे द्रावण, वापरावे.

या द्रावणात साधारणपणे फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. पहिले गंजाचे लोह फॉस्फेट बनवते आणि दुसरे लोह टॅनेट. दुसरी क्रिया आपल्या स्वयंपाकघरातही घडते : आवळा लोखंडी कढईत शिजवला तर काळाठिक्कर पडतो, तो टॅनिन आणि लोह यांच्या संयोगामुळेच. कन्व्हर्टर लावल्यावर तांबडा गंज तसाच निळसर काळा होतो. मात्र त्याला काम करायला गंज लागतो. चकचकीत पत्र्यावर ते लावून उपयोग नाही, आणि सुट्या पापुद्र्यांवर लावले तर पापुद्र्यांसकट निघून येते. ब्रशने पातळ हात द्यावा, डब्यावर सांगितलेला वेळ, बहुधा पूर्ण एक दिवस, सुकू द्यावे, आणि त्यावर कोणता प्राइमर चालतो तेही डब्यावर वाचून घ्यावे. आम्लाचा अंश उरला असेल तर एपॉक्सी प्राइमर धरत नाही.

प्राइमरच्या बाबतीत आपल्याकडे सवयीने रेड ऑक्साइड मारला जातो. इतवारीच्या लोहाओळीत तो कुठेही मिळतो, स्वस्त असतो आणि खिडकीच्या गजांना ठीक आहे. पण त्यातला लाल रंग हा लोहाचाच ऑक्साइड असतो. तो पत्र्याला झाकतो, त्यापलीकडे त्याचे संरक्षण फारसे नाही. गाडीसाठी दोन घटकांचा एपॉक्सी प्राइमर वापरावा, शक्यतो झिंक फॉस्फेट असलेला. हार्डनरचे प्रमाण मापाने घ्यावे, अंदाजाने नाही. लावण्याआधी पत्रा थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावा आणि त्यानंतर त्याला उघड्या हाताने शिवू नये. घामात मीठ असते, आणि गंजाचा नवा ठसा बोटाच्या आकाराचा उमटतो. प्राइमरचे दोन हात पुरे होतात.

लांबी भरायची असेल तर ती प्राइमरच्या वर भरावी. पेंटरमंडळी वेळ वाचवण्यासाठी उघड्या पत्र्यावरच लांबी ओढतात, परंतु लांबी स्पंजासारखे पाणी शोषते आणि तिच्याखालून गंज पुन्हा सुरू होतो. लांबी सुकल्यावर १२० आणि मग २२० नंबरने घासावी, वर पुन्हा प्राइमर द्यावा, तो ४०० आणि ६०० नंबरच्या वॉटर पेपरने गुळगुळीत करावा आणि मग रंग द्यावा. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हार्डनर मिसळून फवारायच्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंगातील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना गंभीर इजा करते आणि साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी असतो, म्हणून तो फवारा घरी मारू नये, पेंट बूथमध्ये मारून घ्यावा. खालच्या, न दिसणाऱ्या भागांना ब्रशने लावलेला रंग पुरेसा असतो. रंग मूळचाच ठेवावा, कारण बदलल्यास आरटीओकडे नोंद करावी लागते.

आरटीओचा विषय निघालाच आहे, तर चेसिस नंबरविषयी एक गोष्ट. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी गाडी तपासली जाते आणि कोरलेला चेसिस नंबर वाचता यावा लागतो. त्या जागी ग्राइंडर, ८० नंबरचा पेपर किंवा जाड रंग यांपैकी काहीही चालवू नये. रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने गंज सोडवावा, पुसावे आणि ग्रीसचा पातळ हात द्यावा. नंबर आधीच खाल्ला गेला असेल तर स्वतः कोरण्याच्या भानगडीत न पडता आरटीओत जाऊन विचारावे.

आरपार भोक, आणि काही सुटे भाग

सडलेला पत्रा चमकदार, भक्कम धातू लागेपर्यंत कापून काढावा लागतो आणि त्या मापाचा नवा पत्रा टाके घेऊन जोडावा लागतो. फ्लोअरसाठी २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा योग्य ठरतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तोच आणतात. परंतु वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो वेल्डरला आजारी पाडतो आणि टाकाही स्वच्छ बसत नाही. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग करणारा कारागीर शोधावा. चटया, सीट, नमदा आधी काढून घ्यावेत, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवावे. गॅरेजवाले जे सहसा करत नाहीत ते आपण आग्रहाने करून घ्यावे : वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंग जळालेला असतो, तेथे पुन्हा संरक्षण दिले नाही तर नव्या पत्र्याला आतून वर्षभरात गंज लागतो.

छोटे सुटे भाग, जसे कंस, वॉशर, दाराचे बिजागर, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकता येतात. एका लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घ्यावे, प्लास्टिकच्या टबात काही तास ठेवावे, मधूनमधून ब्रश फिरवावा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवून तेल लावावे. स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे बोल्ट मात्र आम्लात टाकू नयेत, त्याने पोलाद ठिसूळ होऊ शकते. क्रोमच्या बंपरवरचे तांबडे ठिपके ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून चोळल्यास निघतात. बॅटरीच्या ट्रेवर सांडलेले आम्ल खाण्याच्या सोड्याने निष्प्रभ केल्याशिवाय तेथे कोणताही प्राइमर टिकत नाही.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना खड्डे पडलेले दिसले तर त्या घासू नयेत, रंगवू नयेत; बदलाव्यात. उलट रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर चार ब्रेक मारताच जातो, त्याची चिंता करू नये आणि त्यावर तेल तर मुळीच लावू नये.

पेट्रोलच्या टाकीला आतून गंज लागण्याचा प्रकार आता अधिक जपण्याजोगा झाला आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा शोषते, आणि गाडी बराच काळ उभी राहिली तर पाणी मिसळलेले इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुनी स्कूटर महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी. आठवड्या-दोन आठवड्यांनी फिरवायची असेल तर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. टाकीला वेल्डिंग करण्याचा विचार घरी करू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा अधिक धोकादायक असते.

पुढचे पावसाळे

पोकळ भागांना आतून मेण देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. कॅव्हिटी वॅक्स नावाने मिळणाऱ्या डब्याला लांब नळी आणि चहूकडे फवारणारे तोंड असते. सिलची रबरी बुचे काढून, दाराच्या आतले पॅनेल उघडून, नळी पार टोकापर्यंत घालावी आणि बाहेर ओढत फवारत यावे. आधी पोकळी पूर्ण कोरडी हवी. मे महिन्यातले दोन दिवसांचे ऊन हे काम फुकट करते, म्हणून रंगकाम हिवाळ्यात आणि मेण उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, असा माझा क्रम आहे. फवारल्यावर पाणी निघण्याची भोके काडीने पुन्हा मोकळी करावीत, हे विसरले तर सगळे केलेले उलटते.

मेण महाग वाटत असेल तर जुन्या लोकांचे जवसाचे तेल आहे. जवस हे विदर्भाचे जुने पीक. त्याचे डबल बॉइल्ड तेल रंगाच्या दुकानात मिळते, ते निम्म्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सिलमध्ये सोडले की सांध्यांत झिरपते आणि हळूहळू चिवट पापुद्रा धरते. हवा खेळत नाही अशा जागी त्याला सुकायला काही आठवडे लागतात. पण या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका मुळीच काल्पनिक नाही. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

धुलाई केंद्रात रॅम्पवर गाडी चढवून खालून जळके ऑइल आणि डिझेल फवारण्याची पद्धत मला मान्य नाही. त्या तेलाने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून लगदा होतो आणि पार्किंगमधली जमीन खराब होते. डांबरी अंडरकोटिंग चांगले, पण ते स्वच्छ आणि प्राइमर लावलेल्या पत्र्यावरच. गंजावर मारलेले कोटिंग उन्हाळ्यात आकसून तडकते, तडीतून पाणी आत जाते आणि बाहेर येत नाही. कोटिंग जुने असेल तर दरवर्षी पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावे, पोकळ वाजेल तेवढा तुकडा काढून टाकावा.

उभ्या गाडीला प्लास्टिकचे आवरण घालू नये, आत वाफ धरते. सुती कापडाचे चालते. अंगणात माती किंवा गवत असेल तर चाकांखाली आणि मधल्या भागाखाली फरशा टाकाव्यात. रोज धरमपेठ ते सीताबर्डी एवढेच अंतर कापणाऱ्या गाडीचे सायलेन्सर आतून सडते, कारण धुरातले पाणी बाहेर पडण्याएवढे ते तापतच नाही. महिन्यातून दोनदा कामठी किंवा हिंगण्यापर्यंत गाडी फिरवून आणावी. आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट : दसऱ्याचा हार जाळीला लोखंडी तारेने बांधला जातो, शनिवारचे लिंबू-मिरची बंपरखाली तशाच तारेत ओवलेले लटकते. तार रंग खरवडते, लिंबाचा रस तेथेच टपकत राहतो, आणि पुढच्या वर्षी नेमक्या त्या ठिकाणी तांबडी रेघ दिसते. सुती दोरा वापरला तर श्रद्धाही राहते आणि रंगही.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चाकांच्या कमानी आतून पाइपाने धुवाव्यात आणि चटया उचलून फ्लोअरवर हात फिरवावा. माझ्या डिक्कीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर मेण कधी दिले, भोके कधी मोकळी केली आणि कोणत्या जागी काळा ठिपका सोडला होता, एवढे लिहिलेले असते. खंडेनवमीला पहिली नजर त्या ठिपक्यांवर जाते, आणि रंग जरासा उचललेला दिसला तर ८० नंबरचा पेपर त्याच दिवशी बाहेर निघतो.